तिला अन्नपूर्णा म्हणू नका

शुभाताई गेल्याचं मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. मी सुट्टीवर नाशिकला गेले होते, सकाळचा चहा गाळत होते आणि फोनवर तिचा हार घातलेला फोटो आला. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘यान्बूची अन्नपूर्णा हरपली’. कुणाबद्दल लिहिलंय तेच आधी कळेना. मग गालावरचा तीळ दिसला आणि हातातलं गाळणं ओट्यावर पडलं. खूप रडले. पण खरं सांगते, रडं ओसरल्यावर मागे राहिला तो संताप, आणि इतके आठवडे उलटून गेले तरी तो उतरलेला नाही. तो फोटो मीच काढलेला होता. त्यात ती एका जुन्या घराच्या दारात उभी होती, पायापासून डोक्यापर्यंत धूळ, हातात त्या दाराची वीतभर लांबीची लोखंडी किल्ली, आणि तोंडभर हसू. ग्रुपवाल्यांनी दार कापलं, किल्ली कापली, चेहऱ्यावरची धूळसुद्धा कशानं तरी पुसून टाकली आणि शेजारी पुरणपोळीचं चित्र चिकटवलं.

शुभाताई मूळची साताऱ्याची. तिचे यजमान, आमचे भावोजी, इथे अरबांच्या मुलखात, यान्बूला, रिफायनरीत इंजिनियर. मी नवी नवरी म्हणून इथे उतरले तेव्हा ती या गावात चांगली मुरलेली होती. कंपाउंडमध्ये आमची दारं समोरासमोर. तेव्हा इथे बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, त्यामुळे नवरा नेईल तेव्हा आणि नेईल तिथे जायचं. आमच्या चौघांच्या फेरीत भावोजी आणि माझा नवरा पुढे, आम्ही दोघी मागे, काळ्या काचेआड. समुद्र मागे टाकून रस्ता डोंगराकडे निघाला की लांबवर खजुरांच्या बागांची हिरवी रेघ दिसायची आणि त्यामागे मातीच्याच रंगाची पडकी घरं. शुभाताई दर वेळी पुढे वाकून विचारायची, “अहो, तिथे काय आहे?” आणि भावोजी आरशातसुद्धा न बघता म्हणायचे, “काही नाही गं, खजूर आहेत.” हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे, की पुढेपुढे ते वळण आलं की मीच मनातल्या मनात दोघांची वाक्यं म्हणायची.

तुम्ही म्हणाल, मंडळाच्या सहली व्हायच्या ना! व्हायच्या की. जुनं बंदर, पडका किल्ला, डोंगरातलं जुनं धरण, सगळीकडे व्हायच्या. आदल्या दिवशी शुभाताईकडे निरोप यायचा, “वहिनी, पुरणपोळ्या तुमच्याकडेच हं, तुमच्यासारख्या कुणाला जमत नाहीत.” बाई पहाटेपासून पुरण वाटत बसायची. जागेवर पोचलं की पुरुष गळ्यात कॅमेरे अडकवून भिंती बघायला पसार, आणि आम्ही सतरंज्या अंथरून, डबे उघडून, माश्या वारत उभ्या. ते परत आले की वाढायचं. जेवून ते आडवे झाले की खरकटं आवरायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणायचं, यल्ला, निघायला हवं. एकदा अशीच पातेलं पुसता पुसता ती मला म्हणाली, “वृंदे, इथलं सगळं फिरलेय मी, आणि बघितलेलं एक नाही. कुठेही जा, माझ्यासमोर आपलं पातेलं.” ती हसत म्हणाली होती. मला मात्र ते हसू आजही टोचतं.

मग एक दिवस बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली. कंपाउंडमध्ये महिनाभर त्यावर विनोद झाले, तेही पुरुषांचेच. शुभाताईनं विनोद ऐकून घेतले आणि जेद्द्याला मावसबहिणीकडे राहून शिकून, परीक्षा देऊन लायसन्स घेऊन आली. “आता या वयात?” भावोजी म्हणाले. “मग कोणत्या वयात? त्या वयात तुम्ही लोक चालवू देत होतात का?” ती म्हणाली. पुढच्याच शुक्रवारी गाडीत मावतील तेवढ्या बायका घेऊन ती निघाली, सरळ त्या हिरव्या रेघेकडे. नियम एकच... डबे आणायचे नाहीत. पाण्याची बाटली आणि टोपी, बस. मराठी बायकांची सहल आणि डबा नाही! आमच्यातली एक तर पर्समध्ये खाकरे लपवून घेऊन आली होती. ते शुभाताईनं कंपाउंडच्या गेटवरच्या वॉचमनला देऊन टाकायला लावले. “पोट भरायला घर आहे. तिथे गेल्यावर कुणी कुणाला वाढायचं नाही,” ती म्हणाली. दुपारी आम्ही भुकेनं कळवळत परतलो, पण इतकं बोलत, इतकं हसत, की घरी नवऱ्यांना वाटलं ह्या कुठून तरी जेवून आल्या आहेत.

ते गाव आता ओस पडलेलं आहे. झरे आटले तशी माणसं शहरात गेली. दगडमातीच्या भिंती, खजुराच्या खोडांची छपरं, मधोमध बाजाराची गल्ली आणि दोन्ही बाजूंना दारं निखळलेली दुकानं. शेजारच्या बागेत उम्म सालिम नावाची एक म्हातारी मुलाबरोबर राहते. तिच्या सासरचं जुनं दुमजली घर त्या गल्लीवरच आहे आणि ते कुलपात असतं. कुणी पुरुष बघायला आले, की तिचा मुलगा त्यांना कॉफी पाजून बाहेरूनच वाटेला लावायचा. आम्ही बायकाच आहोत हे बघून म्हातारी स्वतः बाहेर आली. शुभाताईनं भाजीवाल्याशी भांडून कमावलेल्या मोडक्यातोडक्या अरबीत तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. पाणी कुठून यायचं? उन्हाळ्यात झोपायचात कुठे? बाळंतिणीची खोली कोणती? म्हातारी आधी बिचकली, मग खुलली, आणि आत जाऊन ती किल्ली घेऊन आली. माडीवर गल्लीच्या बाजूला एक लहानशी खिडकी आहे, अगदी जमिनीलगत. घरातल्या बायका तिच्याशी मांडी घालून बसत आणि खालचा बाजार बघत. खालून त्या कुणाला दिसत नसत. शुभाताई तिथे बसली ती उठेचना. “मीही अशीच बघत आलेय गं,” ती म्हणाली, “माझी काच काळी होती, एवढंच.” त्यानंतर आम्ही कितीदा गेलो असू! मला गाडी तिनंच शिकवली, त्याच रस्त्यावर. दर खेपेला ती आधी माडी चढायची.

अशी ही बाई हृदयविकारानं घरातल्या घरात कोसळली आणि दोन दिवसांत गेली. अंत्यसंस्काराला पुण्याला नेलं तिला, मी तिथे पोचले, शेवटचं बघितलं. परत यान्बूला आल्यावर कंपाउंडच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एकेक जण उठला आणि बोलला पुरणपोळीवर, अळूवडीवर, कटाच्या आमटीवर. शोकसभा चालली होती की खानावळीची जाहिरात? भावोजी उठले. डोळे सुजलेले. म्हणाले, “शुभानं मला एक दिवस उपाशी ठेवलं नाही.” त्यांची दया आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाला एवढंच दिसलं? मी उठून म्हटलं, “शुभाताईला स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा होता.” सगळ्यांनी माझ्याकडे असं वळून बघितलं, जशी काही मी शिवी दिली. मंडळाच्या सचिवांच्या बायकोनं माझा हात दाबला आणि ती कुजबुजली, “अगं, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये.”

त्यावरही कळस झाला. तिच्या स्मरणार्थ सहल ठरली, त्याच गावाला, आणि ग्रुपवर मेनू आला! मी माझ्या गाडीनं गेले, पाणी आणि टोपी घेऊन. पोचले तर गल्लीत सतरंज्या, पातेली, आणि उम्म सालिमच्या भिंतीला तोच फोटो छापलेला ‘अन्नपूर्णे’चा कापडी फलक बांधलेला. बायका नेहमीसारख्या उभ्या राहून वाढत होत्या. गर्दी बघून म्हातारी बागेतून आली. सगळ्यांवरून तिनं नजर फिरवली आणि मला येऊन विचारलं, “ती कुठे आहे? ती प्रश्न विचारणारी?” मी सांगितलं. ती उंबऱ्यावर खाली बसली, डोळे मिटून पुटपुटत राहिली, मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. आमच्या इतक्या माणसांत शुभाताईला नेमकं ओळखणारी ही एकटी, आणि तिनं तिच्या हातचा घाससुद्धा कधी खाल्लेला नव्हता.

भावोजी हातात द्रोण घेऊन जवळ आले. किल्लीकडे बघत म्हणाले, “वृंदा, काय आहे या घरात?”

“काही नाही भावोजी,” मी म्हटलं, “खजूर आहेत.”

त्यांचा चेहरा असा उतरला, की माझं मलाच जड गेलं. पण शब्द मी मागे घेतला नाही. त्यांनी द्रोण खाली ठेवला. मी उम्म सालिमकडे बघितलं. “तिचा नवरा ना?” ती म्हणाली, “जाऊ दे त्याला वर.” माडीवर त्या खिडकीशी उभं राहून काही दिसत नाही, म्हणून भावोजींना जमिनीवर बसावं लागलं. खाली गल्लीत कुणीतरी ओरडत होतं, अजून तूप आण, तूप. भावोजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते गल्लीच्या, खजुरांच्या पलीकडे बघत होते. मग म्हणाले, “इथून आपला रस्ता दिसतो गं...” दिसतच होता. लांबवर उन्हात गाड्या चालल्या होत्या, काळ्या काचांच्या. मी म्हटलं, “ती दर खेपेला तेच बघायची.” उतरल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवरचा फलक सोडला आणि घडी घालून बगलेत मारला. जेवायला कुणी हाक मारली तर थांबले नाहीत.

मंडळाला माझा राग आला आहे. येऊ दे. शुक्रवारी आम्ही जातोच. गेल्या शुक्रवारी गाडी काढली तर कंपाउंडच्या गेटपाशी भावोजी उभे होते, डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली, डबा नाही. मी गाडी थांबवली. त्यांनी सवयीनं पुढच्या दाराला हात घातला.

“भावोजी,” मी म्हटलं, “मागे बसा.”

ते मागे बसले.