गंगा मंजूर करणारी कमिटी

आमच्या पिंपरीच्या कंपनीत लेथवरचा लोखंडी चुरा दर शनिवारी ट्रक येऊन घेऊन जायचा. किस्से मात्र कोणी उचलत नसे! ते टूलरूममध्ये साठतच गेले. त्यातलेच हे, चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालच्या आमच्या सहलीचे.

कल्पना आमच्या जोगळेकर साहेबांची. वार्षिक सुट्टीत तीन जोडप्यांनी नदीतून बोटीनं जायचं आणि काठावरची ऐतिहासिक गावं बघायची. "चला" म्हणून भागलं असतं. पण साहेबांनी कमिटी नेमली. साहेब, मी आणि चाकणकडचा फिटर बबनराव. पहिला प्रश्न, नदी कोणती?

"पवना हाय की राव, हितंच!" बबनराव म्हणाला.

"पवनेत बोट चालते का?"

"पूर आला की बोट काय, घराचं छप्पर बी चालतंय!"

तीन मीटिंगांनंतर गंगा मंजूर झाली. प्रयाग ते काशी, वाटेत विंध्याचल, मिर्झापूर, चुनार. आता गंगेला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

*

पुण्याच्या एका ट्रॅव्हल एजंटनं बोटीचा फोटो दाखवला. पांढरीशुभ्र, दुमजली बोट आणि मागे बर्फाचे डोंगर.

बबनरावनं फोटो उलटसुलट करून पाहिला. "प्रयागला बर्फ कवापास्नं पडाया लागलं?"

एजंट जराही बिचकला नाही. "फोटो नमुन्यादाखल आहे. बोट वेगळी, नदी वेगळी. बाकी सगळं सेम!"

साहेब म्हणाले, "माणूस प्रामाणिक वाटतो." आणि बुकिंग झालं!

*

मग सेफ्टी. आमच्यात पोहता येणारा एकटा बबनराव. म्हणून शिकवायला कोण उभं राहिलं? साहेब! जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या फळ्यावर त्यांनी माणूस काढला, हातापायांना बाण काढले आणि तरंगण्याचं शास्त्र सांगितलं.

मी विचारलं, "साहेब, तुम्ही कुठं शिकलात?"

"मी पाण्यात उतरलेलो नाही. तत्त्व कळलं की पाणी दुय्यम!"

*

तिन्ही घरच्या मंडळींना आम्ही सगळा आराखडा समजावून सांगायचं ठरवलं. माझ्या घरी, चिंचवडला. साहेबांनी नकाशा पसरला, चुनारच्या किल्ल्यावर अर्धा तास बोलले. शेवटी "काही शंका?" असं मोठ्या मनानं विचारलं.

आमची ही म्हणाली, "बोटीवर संडास आहे का?"

दोन महिने तीन शहाणी डोकी बसली होती. एकालाही हे सुचलं नव्हतं! साहेबांनी चष्मा पुसला. "हा मुद्दा विषयपत्रिकेत नाही," ते म्हणाले.

*

खरी अडचण वेगळीच निघाली. बबनरावची बायको हौसाबाई लग्नानंतर चौदा वर्षांत राजगुरुनगरच्या बाजारापुढं गेली नव्हती. तिला गंगा दाखवायची म्हणूनच बबनराव कमिटीत बसत होता. आणि तीच 'नाही' म्हणाली! शेरडं कोण बघणार, सासूला भाकरी कोण करणार?

बबनराव पडल्या चेहऱ्यानं सांगायला आला. साहेब म्हणाले, "नकार लेखी द्यायला सांगा."

शेवटी सुटका केली ती त्या सासूनंच. "जा की गं! तू यायच्या आधी ह्या घरात भाकऱ्या कोन थापत हुतं? आमी काय उपाशी मेलो व्हय?"

*

प्रयागला घाटावर बोट उभी होती. फोटोतल्यापेक्षा एक मजला कमी, आणि पांढरा रंगही कमी. वर बांबूच्या चटयांचं छत. इंजिन म्हणजे चार नावाडी. संडास म्हणजे दोन्ही काठ!

"बाकी सगळं सेम," बबनराव म्हणाला.

*

पण नाव निघाली आणि आमच्या तक्रारी हळूहळू काठावरच राहिल्या. स्वयंपाकाला एका नावाड्याचा भाऊ होता. तो वेळेवर चहा द्यायचा, गरम जेवण वाढायचा. साहेब प्रत्येक गावाचा इतिहास सांगायचे, आम्ही माना डोलवायचो. हौसाबाई मात्र नावेच्या टोकाला पाय पसरून बसलेली असायची. किल्ला आला तरी वळायची नाही.

चुनार मागं पडलं तेव्हा साहेबांना राहवलं नाही. "वहिनी, इतकी गावं झाली. तुम्हाला कुठलं आवडलं?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"गावं न्हाई बघितली बगा भाऊजी. पाच दिस झालं, मला कुनी उठ म्हनलं न्हाई. त्येच बघत बसलीया."