धरून ठेवलेला आकडा

माझ्या धाकट्या दिराला शीतगृहात सगळे सोल्डर म्हणत. भावोजींच्या शर्टाला, केसांना, अगदी जेवायला बसले तरी हातांना तारा जोडायच्या तापलेल्या सोल्डरचा वास यायचा. मी एकदा म्हटलं, "भावोजी, तुम्हाला नाक नसलेलीच बायको शोधावी लागणार." ते म्हणाले, "शोधा की वहिनी, फक्त तिची जीभ तुमच्याहून आखूड बघा." बोलण्यात हार जायची नाही, हा त्यांचा स्वभाव. कामातही तसंच. बिघडलेली वस्तू हातात घेतली की ती चालू होईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत.

आम्ही तिघंही त्या एकाच शीतगृहात कामाला. भावोजी दुरुस्तीच्या खोलीत, मी फळं निवडायच्या हॉलमध्ये, आणि माझा नवरा, म्हणजे भावोजींचा दादा, अंगणापलीकडे कॉम्प्रेसरच्या खोलीत. तिथला सगळा गारवा अमोनियाच्या जिवावर. तो नळ्यांत फिरतोय तोवर ठीक, बाहेर आला तर डोळे आणि छाती दोन्ही जाळतो. म्हणून भावोजींनी त्या खोलीत गॅस मोजणारा सेन्सर बसवला होता आणि तिथपासून हॉलपर्यंत लांबलचक सिरियल केबल ओढली होती. त्या केबलमधून येणारा आकडा माझ्या समोरच्या भिंतीवर, पॅनलवर लाल रंगात दिसायचा. तीन, चार, परत तीन. आकडा चढला की भोंगा. केबल तुटून आकडा येईनासा झाला तरी भोंगा. भोंगा वाजला की दोघांनी मास्क चढवून आत धावायचं, असा नियम होता. आतल्या घरघरीत कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, त्यामुळे राखण बाहेरच्यांनीच करायची.

हॉलमधल्या बाकीच्या बायका त्या आकड्याकडे ढुंकून बघत नसत. मी दिवसभर बघायचे. हात पेटीत, डोळे भिंतीवर. आकडा हलत असायचा आणि मला नवऱ्याचा श्वास चालल्यासारखा वाटायचा.

केबलने मात्र सगळ्यांना जेरीस आणलं होतं. आज उंदरांनी कुरतडली, उद्या फोर्कलिफ्टमध्ये अडकली. शेवटी मॅनेजरांनी अंगणातून मालाच्या गाड्यांसाठी रस्ता काढला आणि केबल उपटायला सांगितली. भावोजींनी काडेपेटीएवढी दोन रेडिओ मॉड्यूल आणली. केबलचं एक टोक सेन्सरला होतं तिथे एक, दुसरं टोक पॅनलला होतं तिथे दुसरं.

"आणि मधे?" मी विचारलं.

"मधे हवा. सेन्सरला तर पत्ताच नाही, वहिनी. त्याला वाटतंय तार अजून आहे. तो आपला बोलत बसलाय."

ते लहान मुलासारखे खुश होते. मला काही ते रुचलं नाही. आपलं कोणी ऐकतंय की नाही हे बोलणाऱ्यालाच माहीत नाही, यात खुश होण्यासारखं काय आहे?

मग तमाशा सुरू झाला. कॉम्प्रेसरच्या खोलीला जाड लोखंडी दार. आवाज अंगणात जाऊ नये म्हणून आतला माणूस ते लावून घ्यायचा, ही तिथली जुनी पद्धत. केबल होती तेव्हा दाराचं काही अडत नव्हतं. आता दार लागलं की रेडिओ मुका व्हायचा, पॅनलला वाटायचं केबल तुटली, आणि भोंगा केकाटायचा. माणसं मास्क लावून धावत जायची, तर हे आत निवांत पंपाला तेल घालताहेत. लांडगा आला रे आला, दुसरं काय. हळूहळू धावणारे चालायला लागले, मग हातातला चहा संपवून निघायला लागले. रोज मरे त्याला कोण रडे! मॅनेजरांनी भावोजींना बोलावून सांगितलं, "हा आवाज बंद करा."

भावोजींनी बंद केला. कसा, ते त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही, हे कबूल करायलाच हवं. "नवा आकडा आला नाही तर पॅनलने शेवटचा आकडा धरून ठेवायचा. भोंगा वाजवायचा नाही."

"म्हणजे दार बंद असताना मी बघते तो आकडा आत्ताचा नसतो?"

"जवळजवळ आत्ताचा."

"जवळजवळ म्हणजे?"

"दादा काय दिवसभर कोंडून घेतो का? दार उघडलं की नवा येतोच. अँटेना भिंतीबाहेर काढायचीय, तिची वायर मागवलीय. ती आली की हा प्रश्नच मिटला."

वायर काही आली नाही. आकडा मात्र थांबायला शिकला. चार म्हणजे चार, हलेचना. एकदा मी अंगण ओलांडून धावत गेले आणि दार ढकललं. हे नळी पुसत होते. परत आले तर बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पुन्हा एकदा गेले, तेव्हा ह्यांनीच हात जोडले. "अगं, लोक मला चिडवतात. काही झालं तर तुझा दीर बसलाय ना तिकडे."

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपली, सगळे कामाला लागले, आणि आकडा चारवर थांबला. मी एक पेटी भरली, दुसरी भरली. चारच. मला भीती वाटली, सरळ सांगते. मी दुरुस्तीच्या खोलीत गेले. भावोजी कसल्याशा बोर्डावर वाकले होते.

"आकडा बराच वेळ हलला नाही."

"दार लागलं असेल."

"एकदा बघून या ना."

त्यांनी मान वर केली नाही. "चारच आहे ना? मग बसा जाऊन निवांत."

मी हॉलमध्ये येऊन बसले. थोड्या वेळाने तेलाचा डबा पोचवायला एक कामगार पलीकडे गेला आणि त्याने ते लोखंडी दार उघडलं. त्याच क्षणी माझ्या समोर चार पुसला गेला, तिथे भलामोठा आकडा उमटला आणि भोंगा वाजायला लागला. आतला सेन्सर केव्हाचा ओरडत होता. दार उघडल्यावर ते आमच्यापर्यंत आलं.

नळीच्या जोडावरचं पॅकिंग फुटलं होतं. डोळे जळाल्यावर ह्यांना दार कुठल्या बाजूला आहे तेच कळलं नाही. समोरच्या भिंतीवर चाचपडत राहिले आणि तिथेच पडले. मास्क न लावता सगळ्यांत आधी आत शिरले ते भावोजी. दादाला त्यांनीच ओढून बाहेर आणलं.

हे वाचले. दृष्टी गेली, आणि छाती इतकी अधू झाली की खोलीतल्या खोलीत चाललं तरी धाप लागते. भावोजी दवाखान्यात रोज यायचे, आम्ही घरी आल्यावर घरी यायला लागले, आणि बाहेरच्या पायरीवर बसून परत जायचे. मी त्यांना आत या म्हटलं नाही.

एका सकाळी हेच म्हणाले, "तो बाहेर बसलाय ना? बोलाव त्याला."

भावोजी आत आले आणि पलंगाच्या कडेशी खाली जमिनीवर बसले.

"त्या दिवशी पॅनल काय दाखवत होतं रे?" ह्यांनी विचारलं. आवाज पार चिरकलेला.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. "चार," ते म्हणाले.

"मग बरोबर होतं की. मी दार लावलं तेव्हा हवा चांगलीच होती."

भावाचं ओझं उतरावं म्हणूनच हे तसं बोलले. भावोजींनी पलंगावरची चादर तोंडात कोंबली. हुंदका बाहेर पडू दिला नाही. काहीच ऐकू येईना तसा ह्यांनी भावाचं डोकं शोधायला हात पुढे केला. तो भलत्याच बाजूला गेला आणि रिकाम्या उशीवर फिरत राहिला. मी जवळच उभी होते. तो हात धरून भावोजींच्या डोक्यावर ठेवायचा, एवढंच करायचं होतं. मी ठेवला नाही.