राणीच्या चेहऱ्याचा रंग

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगताना माझी मान जरा ताठ होते — होऊ दे. भूत, आत्मा, दृष्ट, करणी... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी डबा खाताना टाइमपास म्हणून वाचायचे आणि मनात म्हणायचे, ‘ॲसिडिटी झाली असेल.’ आता स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा. माझं मराठीही सांभाळून घ्या. आम्ही चार पिढ्या म्हैसूरचे, घरात मराठी बोलतो, पण त्यात अर्धं कन्नड असतं.

माझी आई बाहुल्या रंगवायची. आमच्याकडे दसऱ्याला घरोघरी बाहुल्या मांडतात. त्यात मधोमध लाकडी राजा-राणीची जोडी असते, तिला इथे ‘पट्टद गोंबे’ म्हणतात. आई लेकीला लग्नात ही जोडी देते, ती तिच्या लेकीला. रंग उडाले की लोक म्हैसूरजवळ हिनकलला आमच्या घरी घेऊन यायचे. पुढच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली आईचा पाट. अकरा ते दोन, एवढ्याच उजेडात ती काम करायची. बल्ब लावू द्यायची नाही. “बल्बात रंग खोटं बोलतो,” म्हणायची.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणाची बाहुली कुठली, हे लक्षात ठेवायला ती खोक्यांवर चित्रं काढायची. दूधवाल्यांच्या खोक्यावर गाय, वरुणा गावच्या राजम्माच्या खोक्यावर विहीर. चार रेघांत अशी विहीर काढायची की वाकून बघावंसं वाटे.

मला मात्र तिने ब्रशला हात लावू दिला नाही. “तू पेन धर,” एवढंच. अण्णा — माझे वडील — आधी टांगा आणि मग ऑटो चालवायचे. दोघांनी मिळून मला शिकवलं. आज मी हुणसूर रोडवरच्या एका पेंट कंपनीच्या लॅबमध्ये शेड मॅचिंग करते. म्हणजे कुणी रंगाचा तुकडा आणून दिला, की तोच रंग डब्यात उतरवून द्यायचा. आईचंच काम, पण मशीनवर... असं मी लोकांना ऐटीत सांगायचे.

आईची सगळ्यात नावाजलेली गोष्ट म्हणजे बाहुल्यांच्या अंगाचा रंग. मैबण्ण म्हणायची ती त्याला. सफेदा, गेरू, पिवळी पेवडी, चिमटीभर हिंगूळ, डिंक आणि चिंचोक्याची शिजवलेली खळ. नारळाच्या करवंटीत कालवायची. हा रंग दोन दिवसांत आंबतो, त्यामुळे प्रत्येक चेहऱ्याला ताजा. वाळलेला चेहरा बघून वाटायचं, आता ही बाहुली वळेल आणि पाणी मागेल.

पाटाशेजारी भिंतीला एक फळी टेकवलेली होती. त्यावर या रंगाचे बोटभर फराटे, एकाखाली एक, आणि प्रत्येकाशेजारी एक छोटं चित्र. पाटी, सायकल, छत्री, काय काय. मला वाटायचं, ही पण गिऱ्हाइकांचीच खूण. दोन वर्षांपूर्वी मी लॅबमधलं रंग मोजायचं हातातलं मशीन आणून ते सगळे फराटे मोजले. एकही दुसऱ्याशी जुळेना!

मी म्हटलं, “आई, तुझ्या बॅचमध्ये कन्सिस्टन्सीच नाही. आमच्याकडे असतीस तर सगळा माल रिजेक्ट.”

ती ब्रश धूत होती. मान वर न करता म्हणाली, “तू तरी कुठं तीच आहेस?”

मला वाटलं, टोमणा मारला. लग्न झाल्यापासून मी फक्त रविवारी येते, त्याबद्दल. मीही फुगून बसले.

आता एक सांगायलाच हवं. लहानपणापासून आईला एक सवय होती. “शाले, इकडं ये गं,” म्हणून हाक मारायची, रंगाचं बोट माझ्या डाव्या गालाला लावायची, हातभर लांब जाऊन बघायची आणि पदराने पुसून टाकायची. विचारलं तर, “सुम्मने, दृष्ट लागू नये म्हणून.” सुम्मने म्हणजे उगीच. मी मोठी झाले, नोकरीला लागले, तरी दर रविवारी तेच! मला राग यायचा. शिकलेल्या मुलीला दृष्टीचे टिळे कसले लावते ही...

श्रावणातला तो रविवार. मला तिथूनच एका रिसेप्शनला जायचं होतं. तयार होऊन आले होते. आईने हाक मारली, बोट पुढे केलं. मी तिचा हात बाजूला सारला.

“अय्यो, आई, मेकअप केलाय! हात नको लावूस.”

“एकच क्षण गं.”

“नको म्हटलं ना! किती वर्षं चालणार तुझं हे?”

ती बोट आपल्याच पदराला पुसत म्हणाली, “बरं. पुढच्या रविवारी.”

गुरुवारी दुपारी ती पाटावर बसल्या जागी गेली. लॅबमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. संध्याकाळी लॉकर उघडला तेव्हा अण्णांचे चौदा मिस्ड कॉल होते.

दिवसकार्य आटोपलं आणि राजम्मा आली. वरुणाहून दोन बस बदलून. सत्तरीची बाई, दारातच बसून रडली. मग म्हणाली, “माझी जोडी आहे गं इथं. नातीचं लग्न आहे दसऱ्यानंतर. तिच्याबरोबर जायची आहे ती.”

मी विहिरीचं खोकं काढलं. राजा तयार होता, चेहरा असा ताजा की बघवेना. राणीचं लुगडं झालेलं, दागिने झालेले... चेहरा नुसता खरवडलेला. कोरं लाकूड आणि त्यात दोन जुने डोळे. जुन्या बाहुलीचे डोळे आई कधी पुसायची नाही. “ते पहिल्या कारागिराचे,” म्हणायची, आणि भोवतीने रंग लावायची.

राजम्माने राणीवरून हात फिरवला. “बिडम्मा — सोड गं, राहू दे. अशीच दे. जोडी मोडायची नाही, एवढंच.”

मी कशाला गप्प बसते! म्हटलं, “अज्जी, मी करून देते. माझं शिक्षणच रंगाचं आहे.”

झालं. राजाला रुमालात गुंडाळून लॅबमध्ये नेलं, चेहरा मोजला, फॉर्म्युला काढला. मशीन म्हणे पास, आणि डोळा म्हणे फेल. आमच्या कंपनीच्या तयार पेंटमध्ये राणीचा चेहरा प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखा दिसायचा. मग आईच्याच डब्यांतल्या पुड्या घेतल्या, काट्यावर तोलल्या, डिंक भिजवला, चिंचोके शिजवले. ओला असताना जुळायचा, वाळला की मातकट. तीन आठवडे, सतरा वेळा. प्रत्येक वेळी खरवडून परत कोरं लाकूड. अण्णा दारात उभे राहून बघायचे. एकदा एवढंच म्हणाले, “ती तोलत नव्हती गं कधी.”

मला सगळ्यात जास्त काय टोचत होतं, तर राणी राहिलीच का? राजाचा रंग तिने त्या रिसेप्शनच्या आदल्या रविवारी कालवला होता. मग मधे एवढे दिवस राणीसाठी थांबली कशाला? तिच्या कामात अशी ढिलाई कधीच नव्हती.

दसरा बसायला चार दिवस उरले. रविवार होता. अण्णा येलवालला त्यांच्या ऑटोवाल्या मित्राकडे गेले होते. मी आतून कडी लावली. हार मानली होती. करवंट्या सगळ्या धुऊन खिडकीत पालथ्या घातलेल्या, डिंक भिजवलेला नव्हता, स्वयंपाकघरात चहासुद्धा केला नव्हता. जोडी खोक्यात भरायची आणि दुसऱ्या दिवशी राजम्माला हात जोडायचे, एवढंच ठरवलं होतं. आदल्या रात्रीपासून रडून तोंड सुजलेलं, म्हणून धुतलं आणि राणीला मांडीवर घेऊन आईच्या पाटावर बसले. बारा वाजून दहा-पंधरा मिनिटं झाली होती. भिंतीला डोकं टेकलं. तिथंच म्हटलं — मोठ्याने म्हटलं — “आई, चुकलं माझं.” आणि डोळा लागला.

जाग आली ती वासाने. शिजलेल्या चिंचोक्यांचा वास... ज्यांच्या घरात तो असतो त्यांनाच कळेल. मोबाइल बघितला, बारा चाळीस.

पाटासमोर एक करवंटी होती, पालथी नव्हती. सुलटी होती. तिच्यात दोन चमचे मैबण्ण. ओला. कडेला बारीक बुडबुडे अजून फुटत होते. करवंटीवर आईचा बारीक ब्रश आडवा ठेवलेला, केस खिडकीकडे, ती ठेवायची तसा. मी बोट लावलं. रंग कोमट होता.

मी उठले. दाराची कडी आतून तशीच. शेगडी गार, पातेलं कोरडं. डिंकाची पुडी बांधलेली, गाठही माझीच. माझ्या हातांना एक डाग नाही.

घाबरायचं सोडून मी काय केलं, सांगायची लाज वाटते. पर्समधून सँपलची काचपट्टी काढली! पहिला विचार हाच, की हे लॅबमध्ये नेलं पाहिजे, आता फॉर्म्युला हाती लागणार... पट्टी करवंटीत बुडवणार तेवढ्यात दिसलं, कडेने साय धरायला लागली होती. आईचा रंग अर्ध्या तासात साय धरतो, मग चेहऱ्यावर फराटे उठतात. रंग होता दोन चमचे. एवढ्यात एक तर माझी तपासणी झाली असती, नाही तर राणीचा चेहरा.

मी पट्टी ठेवून दिली आणि ब्रश उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. कपाळ, गाल, हनुवटी, डोळ्यांच्या भोवतीने हळूच... वाळत गेला तसा रंग वर आला. राजाशेजारी धरून बघितलं आणि तोंडावर हात ठेवून खाली बसले.

तेवढ्यात दार वाजलं. अण्णा.

“शाले, चिंचोके शिजवलेस काय गं?” आत येत म्हणाले. मग थांबले. माझ्याकडे बघत राहिले. “गालाला काय लागलंय?”

आरशात बघितलं. डाव्या गालावर बोटभर डाग. वाळलेला, एका बाजूला ओढून पुसलेला. कापडाने पुसल्यासारखा. डाग असा त्वचेत मिसळलेला होता की नीट बघितल्याशिवाय दिसेना.

मी म्हटलं, “अण्णा, आई हे दृष्ट लागू नये म्हणून लावायची ना?”

“कसली दृष्ट?” अण्णा खाटेवर बसले. “रंग बघायची ती. तुझ्या गालावर रंग दिसेनासा झाला की करवंटी उचलायची. तू जन्मल्यापासून तसंच. तुला ठाऊक नाही काय?”

“मला कधी बोलली नाही ती!”

“तू हसशील म्हणाली. शिकलेली आहेस.”

मग ते फळीकडे बघून म्हणाले, “ते बघ की, सगळं तिथं लिहून ठेवलंय.”

“ते तर गिऱ्हाइकांचं...”

“कुठल्या गिऱ्हाइकाची सायकल गं ती?”

मी फळीपाशी गेले. पाळणा. पाटी. मी नववीत असताना अण्णांनी घेतलेली सायकल, पुढच्या टोपलीसकट. काचेचं नळकांडं, कॉलेजच्या प्रॅक्टिकलचं, मी एकदा घरी आणून दाखवलेलं. गुंडाळी केलेला कागद, म्हणजे माझी डिग्री. मंगळसूत्र. एक छत्री, ज्या वर्षी मी भांडून पावसात निघून गेले आणि आई ती घेऊन मागे धावत आली... प्रत्येकाशेजारी त्या वर्षीच्या माझ्या गालाचा रंग. उन्हात खेळून काळवंडलेला, कॉलेजात उजळलेला, आता चाळिशीकडे जरा ओढलेला. यांनाच मी रिजेक्ट माल म्हटलं होतं.

आणि राणी का राहिली, तेही कळलं. त्या रविवारी मी आईला गाल दिला नाही.

राजम्मा दुसऱ्या दिवशी आली. राणीला हातात घेतलं, उजेडात फिरवलं, मग माझ्याकडे बघितलं, परत राणीकडे. म्हणाली, “अम्माचाच हात.” जोडी पदराखाली झाकून ती बसकडे गेली.

तुम्ही विचारण्याआधी सांगते. झोपेत मीच कालवला म्हणावं, तर खळ शिजायलाच तास लागतो, आणि मला सतरा वेळा जागेपणी जमलं नव्हतं. अण्णांचे हात कापतात, दोरीची गाठसुद्धा त्यांना सुटत नाही, शिवाय ते बाहेर होते. करवंटीला चिकटलेला कोरडा कपचा मी नंतर लॅबमध्ये तपासला. सफेदा, गेरू, डिंक — नेहमीचंच, वेगळं काही नाही. माझ्या बी.एस्सी.कडे याचं उत्तर नाही. कुणाकडे असलं तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

उरलेल्या थेंबाचा एक फराटा मी फळीवर ओढला, सगळ्यांच्या खाली. शेजारी चित्राची जागा मोकळी आहे. तिथं आईने काय काढलं असतं, मला सुचत नाही.

आता दर रविवारी मी तोंड धुऊन, काही न लावता, बारा वाजता त्या खिडकीपाशी बसते. डावा गाल उजेडाकडे करून. अण्णा आत आवाज न करता वावरतात. आजवर परत काही झालेलं नाही.