एकट्यापुरती भाजी

पोनिरानकाका आमच्या शेजारी राहतात. मुन्तिलानच्या पाथरवट आळीत त्यांच्या हातचे दगडी खल सगळ्यांत गुळगुळीत. अर्ध्या जावा बेटावरच्या बायका त्यात मिरची वाटत असतील, पण काकांनी स्वतः कधी वाटली नव्हती. ते सार्मीकाकूंचं काम. उकडलेला पाला, त्यावर शेंगदाण्याची चटणी, बाजूला तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि जेवण झालं की पेरूच्या फोडी, असं ताट त्या रोज त्यांच्यापुढे ठेवायच्या.

काकू गेल्या. चाळिसाव्या दिवसाचं जेवण होईपर्यंत आळीतून ताटं येत राहिली, मग थांबली. काकांची चूल त्यानंतर फक्त चहापुरती पेटायची. खडीसाखरेचा चहा आणि त्यात बुडवून गोड पाव, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पुढे हिरड्यांतून रक्त यायला लागलं. चावलं की दुखायचं, म्हणून ते आणखी मऊ खायचे, आणि दुखणं आणखी वाढायचं. कोणाला सांगणार? घरात विचारणारं कोणी नव्हतं.

त्यांची मुलगी वीवीन तैवानला एका म्हाताऱ्या गृहस्थांची देखभाल करायला असते. रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. काकांना फोनचं नीट जमत नाही, म्हणून तो लावून द्यायला मी जायचे. एकदा पडद्यावर चेहरा दिसताच ती म्हणाली,

"बाबा, तोंडावरचा हात काढा."

"अगं, जांभई आली."

"मागच्या रविवारपासून तीच जांभई चाललीय? काढा म्हणते ना."

काकांनी हात खाली घेतला. पुढचा एक दात बाहेर कलला होता आणि हिरड्या लालभडक सुजल्या होत्या. वीवीन पडद्याजवळ सरकली.

"जेवलात काय आज?"

"पाव."

"आणि काल?"

"कालही पावच. पण दुसऱ्या दुकानातला."

ती हसली नाही. "मी इथे दुसऱ्याच्या बापाला पालक बारीक करून घास घास भरवते. त्यांचे दात घासून देते. आणि माझा बाप..." उठून जावं की बसून राहावं, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सरकारी दवाखान्यात नेलं. दातांची डॉक्टरीण तरुण होती. तिनं दातांवर चढलेला थर खरवडला. दोन दात वाचण्यासारखे नव्हते, ते काढले.

"काका, रोज दोनदा दात घासायचे, ते चुकवायचं नाही. पण नुसतं घासून भागणार नाही. हिरड्यांनाही पोसावं लागतं. पाला खा, पेरू खा, पपई खा, टेंपे खा. बारीक सुकी मासळी काट्यासकट खा. आणि दिवसभर गोड चहाचे घोट घेणं बंद करा. प्यायचाच तर जेवणाबरोबर, तोही साखर कमी करून."

"हे सगळं करणार कोण?"

"घरात कोण आहे?"

"मी."

"मग तुम्हीच," ती म्हणाली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

वाटेत काका म्हणाले, "डॉक्टरीण पोरगी बोलली ते खरं. पण किती सहज बोलली, नाही?"

बाजारात तुमीनीकडून भाजी घ्यायची म्हणजे तिची तोंडाळ बडबड ऐकायचीच. काकांनी नाळीच्या भाजीची अर्धी जुडी मागितली.

"अर्धी? अर्धी बायको देतं का कोणी? आता घ्या मुकाट्यानं अख्खी..." आणि तिनं जीभ चावली. मग तिनं जुडी सोडली, निम्म्या काड्या निवडून नव्यानं बांधल्या आणि वर शेवग्याचा पाला ठेवला.

त्या संध्याकाळी काकांच्या स्वयंपाकघरातून दाणदाण आवाज आला. माझी आई भिंतीवरून ओरडली, "अहो, दाणे वाटताय की खल फोडताय?"

"माझ्या हातचा आहे, फुटायचा नाही!" आतून उत्तर आलं. चटणी मात्र खारट झाली होती, पाला शिजून लगदा झाला होता. तरी त्यांनी तो संपवला. हळूहळू हात बसला. तुरट पेरू ते पातळ कापून, एका बाजूनं सावकाश चावायचे.

एका रविवारी वीवीन म्हणाली, "बाबा, आज बरोबर जेवू या." दोघांनी फोनसमोर ताटं मांडली. काकांनी आपली भाजी पडद्याजवळ नेऊन दाखवली. "आईसारखी दिसतेय," ती म्हणाली. तेवढ्यात तिकडे आतून म्हातारबुवांची हाक आली आणि ती उठून पळाली. पडद्यावर तिचा वाफाळणारा वाडगा आणि रिकामी खुर्ची राहिली. काका घास हातात धरून बसले. वाडग्याची वाफ बंद झाली. मग ते एकटेच जेवले.

पावसाळा सरेपर्यंत रक्त थांबलं, हिरड्या घट्ट झाल्या. डॉक्टरीण तपासून म्हणाली, "छान! आता असंच चालू ठेवा." त्याच महिन्यात म्हातारबुवांच्या घरच्या मालकिणीनं वीवीनला आणखी तीन वर्षं राहायला सांगितलं.

"बाबा, राहू का?"

"राहा की. मला काय झालंय? हे बघ." काकांनी तोंड उघडून उरलेले दात दाखवले. ती हसली आणि डोळे पुसत तिनं फोन ठेवला.

काकांनी पपई पुढ्यात ओढली.

"तब्येत सुधारली म्हणजे आता मी पुष्कळ जगणार, नाही का?" त्यांनी मला विचारलं.

"जगणारच की, काका."

"हं. मग एकट्यानं काढायच्या दुपारीही पुष्कळ आहेत."

त्यांनी पपई कापली, बिया कागदात गुंडाळल्या आणि एक फोड माझ्यापुढे केली. मी खाऊन उठणार, तोच त्यांनी दुसरी फोड पुढे केली.