मांडवामागची खोली

बोरगाव मेघेत किराणा दुकान चालवणारे भैय्याजी नात्यागोत्यात दुकानापेक्षा लग्नांसाठीच जास्त ओळखले जात. गेल्या तीस वर्षांत घरचं एकही लग्न त्यांच्या देखरेखीशिवाय पार पडलं नाही. पंगती किती बसवायच्या, व्याह्यांना शरबत कुणी द्यायचं, वरात कुठून वळवायची, सगळं त्यांच्या खिशातल्या कागदावर लिहिलेलं असे. एक नियम मात्र कागदावर नव्हता. आपल्याकडचा कोणी पिऊन मांडवात आला, की भैय्याजी हसत हसत त्याचा दंड धरत, मागच्या एखाद्या खोलीत नेऊन निजवत आणि बाहेरून कडी घालत. "माह्या लग्नात पेलेला माणूस व्याह्यायले कधी दिसला नाई," हे ते मोठ्या ताठ्यानं सांगत.

त्यांचा साळा तानबा आष्टी तालुक्यात वांगी-टमाटे पिकवी. माणूस कष्टाळू, पण एके काळी पीत असे. बाजाराच्या दिवशी भाजी विकून तो कुठे पडला आहे, हे शोधायला त्याची लेक रोशनी जाई. ती दहावीत गेली त्या वर्षी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली, ती सोडलीच. त्याला आठ वर्षं झाली. रोशनीचं लग्न ठरलं तेव्हा तो भैय्याजींना म्हणाला, "भाऊजी, बाकी सारं तुमच्या हाती. कन्यादान मी करीन. लोकायले दिसू द्या, तानबा शुद्धीवर हाये."

लग्न मे महिन्यात, गावच्या शाळेच्या पटांगणात होतं. मुहूर्त साडेअकराचा. वरात हिंगणघाटहून निघाली ती वेशीवर पोचलीच साडेबाराला, आणि तिथून डीजेपुढे नाच सुरू झाला. तानबाच्या घराण्यात कन्यादान करणारा निर्जळी उपवास धरतो. अंगात कोट, डोक्यावर फेटा, अशा थाटात तो अकरापासून कमानीखाली स्वागताला उभा होता. कमान नुसती शोभेची. तिची सावली हातभरही पडत नव्हती.

त्यानं भैय्याजींना बाजूला ओढलं. "भाऊजी, डोकं लय ठणकून राह्यलं. घोटभर पाणी घेतलं तं चालन का?"

"आता काऊन? वरात तं आलीच," भैय्याजी म्हणाले. "पोरीच्या बापाले एवढं सोसत नाई का? तो नवरदेव पाह्य, घोड्यावर शिजून राह्यला!"

आजूबाजूचे हसले. तानबाही हसला आणि पुन्हा जाऊन उभा राहिला. भैय्याजींनी स्वतः सकाळपासून दोन ग्लास मठ्ठा घेतला होता.

दीडला वरात दारात आली. नवरदेवाचे वडील प्रभाकरराव भेटीसाठी हात पसरून पुढे झाले, तर तानबा त्यांच्याकडे नुसता पाहतच राहिला. "बंडू, वांगे तोडले का रे?" शेतातल्या गड्याला विचारावं तसा तो जड जिभेनं म्हणाला आणि झोक जाऊन कमानीच्या बांबूवर आदळला.

"सासरेबुवा आधीच फुल्ल!" वरातीतून कोणीतरी ओरडलं. एकच हशा पिकला.

भैय्याजींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तानबाचा दंड धरला. कोटातूनही तो चटका देत होता, पण त्या उन्हात सगळंच तापलेलं होतं. "आज तरी लाज ठेवाची होती," ते दातओठ खात पुटपुटले. शाळेमागच्या टिनाच्या खोलीत, पत्रावळींच्या गठ्ठ्यांशेजारी त्याला टेकवून त्यांनी कडी घातली.

"मामाजी, बाबा कुठी हायेत?" बोहल्यावर चढताना रोशनीनं आत्याच्या नवऱ्याला, भैय्याजींना विचारलं.

भैय्याजींनी नुसता अंगठा तोंडाशी नेला. पोरीनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही. तानबाच्या जागी कन्यादानाला भैय्याजी आणि त्यांची बायको कुसुमबाई बसले.

गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई मोहिनी जेवायला आली होती. पंगतीला पत्रावळी कमी पडल्या म्हणून तीच आणायला गेली, आणि खोलीतून तिची किंकाळी आली. भैय्याजी धावले.

"कोन कोंडलं यायले? पेलेले नाईत हे! तोंडाचा वास घ्या ना! आंग तव्यावानी तापलं, घामाचा थेंब नाई. ऊन लागलं यायले!"

तिनं तानबाला सावलीत ओढून आणलं, कोट काढला, अंगावर ओली चादर टाकली, पाण्याच्या टाकीतला बर्फ फोडून काखेत ठेवला. तानबाची बायको सुलोचनाबाई रडत ग्लास घेऊन आली, तो मोहिनीनं अडवला. "शुद्ध नाई त्यायले. पाणी श्वासात जाईन." तोवर कुणीतरी १०८ला फोन लावला होता.

गाडी शाळेच्या मागच्या दारातूनच गेली. सुलोचनाबाई सोबत गेली. पुढे मांडवात रोशनीला भैय्याजी एवढंच म्हणाले, "आई बाबाजवळ बसली हाये." पाठवणी तरी नीट होऊ द्यावी, असं त्यांना वाटलं. बापाला न भेटताच रोशनी सासरच्या गाडीत बसली.

पाच दिवस तानबा वर्ध्याच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात होता. भैय्याजी बाहेरच्या बाकावर बसून राहत. पत्र्याची ती खोली, आणि तिला आपण आपल्या हातानं घातलेली कडी, एवढंच डोळ्यांपुढे येई. सहाव्या दिवशी तानबानं त्यांना आत बोलावलं.

"भाऊजी, खरं सांगा. म्या घेतली होती का त्या दिवशी? मले काईच याद नाई. सुलोचना नाई म्हणते, पण ते तं म्हणनच."

हा प्रश्न भैय्याजींनी कधी अपेक्षिला नव्हता. मारपीट, शिव्या, सगळं सोसलं असतं.

"नाई घेतली. तू पाणी मांगतलं होतं. म्या नाई देल्लं. मंग तुले म्याच कोंडलं."

तानबानं विचारलं, "रोशनीले काय मालूम हाये?"

"तू पेला होता, हे. म्याच सांगतलं तिले."

"मंग हेही तुम्हीच सांगा."

फोनवर सांगणं भैय्याजींना जमेना. दुसऱ्या दिवशी ते हिंगणघाटला गेले. प्रभाकररावांच्या बैठकीत घरचे सगळे होते. त्या दिवशी हसलेलेही होते. भैय्याजींनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

"आमचे पोट्टेही घंटाभर नाचून राह्यले ना भर उनात," प्रभाकरराव खाली पाहत म्हणाले.

रोशनी दारात उभी होती. "मामाजी, तुम्ही बाबाजवळ तोंड नेऊन तरी पाह्यलं होतं का?"

"नाई."

"म्याही नाई पाह्यलं," ती म्हणाली. तिनं नवऱ्याला विचारलं नाही, सासूला विचारलं नाही. आत गेली आणि पिशवी घेऊन आली.

बसमध्ये ती भैय्याजींपासून दोन बाकं पुढे बसली. वर्ध्यापर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या मात्र ती धावतच चढली. भैय्याजी खालीच थांबले.