सारखा वाटा

माझ्या धाकट्या दिराइतका न्यायी माणूस पोलादपूर तालुक्यात झाला नाही, आणि न्यायापायी घरच्यांना इतका ताप देणाराही दुसरा झाला नाही. मी चौथी शिकलेली बाई, मला जास्त काही कळत नाही, पण हे कळतं. दोन माणसांपुढे चहा ठेवला की भावजी खाली वाकून दोन्ही कपांच्या पातळ्या बघणार, थेंब इकडचा तिकडे करणार, आणि चहा पार निवल्यावर म्हणणार, "हां, आता घ्या." फणस फोडला की गरे नुसते मोजून भागत नाही, मोठ्या गऱ्याशेजारी लहान गरा ठेवून जोड्या लावायच्या. एसटीने महाडला जाताना डाव्या खिडकीशी बसले, तर येताना उजव्या; एका खांद्याला ऊन आणि दुसऱ्याला सावली हे त्यांना चालत नाही. घरात दोन सुना. एकदा मोठीने दूध उतू घालवलं म्हणून तिला ओरडले, आणि मग काठी टेकत धाकटीला शोधायला निघाले. मी म्हटलं, "तिनं काय केलंय?" म्हणाले, "काय केलं नाय गो वैनी, पन एकीलाच बोललो तर दुसरीला वाटंल, मला परकी धरली." धाकटी बिचारी परसात भांडी घासत होती. तिला काही कारण नसताना चार शब्द मिळाले. वर तीच हसत आत येऊन सांगते, "माझा वाटा आला."

हे सगळं कुठून आलं, तर गावकीच्या बोकडातून. आमच्याकडे डोंगरात वर्षातून एकदा देवीला बोकड देतात आणि घरटी वाटा पडतो. सागाची पानं मांडून त्यावर वाटे घालायचे काम भावजींचं. तराजू नाही, काही नाही. नुसती नजर. हाडाला हाड, चरबीला चरबी. त्यांनी घातलेल्या वाट्यावर गावात कधी कुणी तोंड वाकडं केलं नाही, आणि आमचं गाव तर कोंबडी कुणाच्या अंगणात आधी ओरडली यावरून भांडणारं.

त्या नजरेलाच पडदा आला. मोतीबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सकाळची उपाशीपोटीची साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. साखर तर कोंबडा आरवायच्या आधी चढून बसलेली. रात्री जेवण बेताचं, इन्सुलिनची सुई वेळेवर, आणि सकाळी बघावं तर यंत्रावर आकडा हा एवढा! भावजींचा संशय सुनांवर. "झोपंत माज्या तोंडात कोन तरी गूळ घालतंय."

मग महाडच्या डॉक्टरीणबाईंनी, लहान मुलगीच ती, रात्रीची एक सुई होती तिच्या दोन केल्या. दिवसभर पुरणारं औषध, पण यांना एका वेळेचं पुरत नव्हतं. थोडं सकाळी, जास्त रात्री, असं तिने समजावून सांगितलं. भावजी खूश. वाटणी म्हटल्यावर त्यांच्या अंगात येतं. सुई टोचायची तीही पोटाच्या एकदा डाव्या अंगाला, एकदा उजव्या, त्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली. पुढच्या खेपेला मी सोबत गेले होते, माझा गुडघा दाखवायला. सकाळची साखर हलायचं नाव नाही. डोळ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे. डॉक्टरीणबाई चक्रावली.

"आजोबा, सुई किती घेता?"

"दोन्ही वक्ताला सारखी," भावजी छाती काढून म्हणाले. "सुईच्या पेनाची टिकटिक कानानं मोजतो. एक टिक इकडं तिकडं नाय."

"अहो, मी रात्री जास्त सांगितली होती!"

"सांगितलंस गो पोरी. पन सकाळनं काय घोडं मारलंय?"

तिने डोक्याला हात लावला. मग समजावलं, की पहाटे माणसाने काही खाल्लं नाही तरी शरीरच साखर सोडतं, यकृतातून.

"मला न इचारता?"

"कुणालाच विचारत नाही ते."

"मंग त्याला सांगा. माज्या वाटणीत कशाला खोट काढता?"

पोर आता रडेल असं मला वाटलं. मी म्हटलं, "भावजी, बोकडाची मुंडी कुणाला जाते?"

"मानकऱ्याला. आधी बाजूला काढायची, मंग वाटे."

"तो भांडतो का कुणाशी?"

"भांडंल कशाला? मान हाय त्याचा. देवीचं सगळं त्याच्यावर."

"मग रात्र मानकरी. पहाटेचं सगळं तिच्यावर. तिचा मान द्या आणि गप बसा. आणि डॉक्टरीणबाईंना न विचारता पुन्हा पेन फिरवलंत, तर काठी काढून घेईन."

भावजींनी काठी जवळ ओढली. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आसं नीट सांगायचं ना गो तू. एवढी शिकलीस."

साखर उतरली. एकदम नाही, पण उतरली. डोळा झाला, हिरवी पट्टी सुटली, आणि भावजींना पहिल्यांदा दिसलं ते घराच्या कौलावरचं शेवाळ. त्यावरून दोन्ही मुलांना सारखं बोलून घेतलं.

यंदा देवीचा बोकड झाला. भावजींनी वाटे घातले, जुन्या ऐटीत, आणि हात धुवायला वळले. तशी चारपाच बाया झटकन पुढे झाल्या आणि या पानावरचं त्या पानावर, त्या पानावरचं या पानावर करायला लागल्या. डोळे अधू झाल्यापासून ते वळले की आम्ही असंच करत होतो. हाताला सवय झालेली. भावजींनी मागे बघितलं. आता दिसत होतं ना त्यांना. बाया जागच्या जागी थिजल्या.

ते माझ्याशेजारी येऊन बसले. "वैनी, कवापासून गो?"

"नजर गेल्यापासून."

"माजे वाटे वाकडे पडत व्हते?"

"चांगलेच वाकडे."

"आनि कोन भांडलं नाय?"

"नाही."

नवा डोळा पुसायचा नसतो असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून भावजींनी तो तसाच वाहू दिला. मग मात्र दुसऱ्यालाही पाणी आलं.