मेंढ्याच्या पाठीवरचा झुबका

नवरा गेला त्या दिवशी मेंढ्यांनी नेहमीसारखं पोटभर खाल्लं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. दारात माणसं जमलेली, माझी धाकटी बहीण बोरिवलीहून धावत आलेली, आणि मागच्या जाळीत चोवीस तोंडं निवांत पाला ओरबाडत होती. मी भर गर्दीतून उठले आणि जाऊन एकीला ढकललं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खायला लागली.

मुंबईत, आरे कॉलनीत मेंढ्या पाळतो म्हटलं की लोक आधी हसतात. म्हशी ठीक आहेत, इथे तबेल्यांना तोटा नाही. नवरासुद्धा तबेल्यातच कामाला होता. पण तो मूळचा माणदेशी धनगराच्या घरातला. म्हशी पोटासाठी आणि मेंढ्या जिवासाठी, असा त्याचा हिशेब. तबेल्यामागे पडीक जागा होती, तिथे त्याने पत्रा आणि लोखंडी जाळी ठोकून दोन मेंढ्या बांधल्या आणि वीस-बावीस वर्षांत त्यांच्या चोवीस झाल्या. लोखंडी जाळी बिबट्यासाठी. गावाकडे दोरीच्या जाळीचं कुंपण पुरतं, इथे नाही पुरत.

मी मुलुंडच्या चाळीत वाढलेली. वडील गिरणी कामगार, गाव मालवणजवळ. जनावरांशी आमचा संबंध बाजारातून बांगडे आणण्यापुरता. लग्नाआधी मी एका कंपनीत पॅकिंगला होते आणि हा तिथल्या कँटीनला दूध घालायला यायचा. आमचं लव्ह मॅरेज, त्यामुळे अहो-जाहो कधी नव्हतंच. मूल झालं नाही. त्याचं दुःख करून झालं, मग भांडणं करून झाली, मग मेंढ्या वाढल्या.

तेरावं झालं, माणसं पांगली आणि माझे हातपाय काही थांबेनात. बसले की बसवायचं नाही. मग मी उठायचे. पाण्याची टाकी घासायचे, घासून घासून खालचा पत्रा दिसायला लागला. खाट या भिंतीची त्या भिंतीला लावली, दोन दिवसांनी परत पहिल्या जागी. दुपारी जेवण अर्धवट टाकून बसस्टॉपवर जायचे, जंगलातल्या रस्त्याने गोरेगावला जायचे, उतरायचे आणि समोर उभ्या असलेल्या बसने परत यायचे. एका कंडक्टरने विचारलं, "काय मावशी, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "हो."

मेंढ्या चारणं हे तर निराळंच दुखणं. मेंढ्यांच्या पुढे चालायचं असतं, मागून हाकलायचं नसतं, हे मी त्याच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं. तो पुढे चालायचा, तोंडाने काहीतरी टकटक आवाज काढायचा, आणि सगळा कळप त्याच्या मागे. मी तोच रस्ता, तीच वेळ, तोच आवाज काढून बघितला. दहा पावलं जाऊन मागे वळावं तर कोणी नाही. सगळ्या जाळीच्या दारात उभ्या राहून माझी गंमत बघतायत. शेवटी मी मागून काठी घेऊन धावायचे आणि त्या रस्ताभर पांगायच्या. सकाळी फिरायला येणारे लोक गाड्या थांबवून आमचे फोटो काढायचे. एकदा एका बाईने "किती पीसफुल ना हे लाइफ" म्हटलं तेव्हा मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

त्यात तो म्हातारा मेंढा. शिंगं कानाभोवती दोन वेढे घेतलेली, दाढ झिजलेली, आणि मी पाठमोरी दिसले की गुडघ्यामागे धडक द्यायची ही त्याची एकमेव करमणूक. हा अजून धडधाकट होता तेव्हा बकरी ईदच्या आधी गिऱ्हाइकं यायची, हात लावून बघायची, खूश व्हायची. बाकीचे नर नवरा द्यायचा. ह्याचं नाव काढलं की म्हणायचा, "तो द्यायचा नाही." मी भांडायचे. दोघांचं एकटा खातो, कामाचा काही नाही, फुकटखाऊ मेला. नवरा हसायचा. वर्षातून दोनदा तो स्वतः मेंढ्या कातरायचा, लांब पात्यांच्या कातरीने, मांडीत डोकं धरून. सगळ्यांची पाठ साफ, फक्त ह्या मेंढ्याच्या खांद्यांमध्ये मुठीएवढा लोकरीचा झुबका तसाच. गेली तीन वर्षं असं चाललं होतं. "काम अर्धवट का टाकतोस रे?" मी विचारायचे. "थंडी वाजते त्याला," हे त्याचं उत्तर. मुंबईत, थंडी!

सहा महिने मी ओढले. मग दोन मेंढ्या खुरात पू होऊन लंगडायला लागल्या, एक कोकरू माझ्या डोळ्यांदेखत गेलं, आणि मी धाकट्या दिराला गावी फोन लावला. भावजी, सगळ्या घेऊन जा, म्हटलं. माझ्याने होत नाही. बहीण तर पहिल्या दिवसापासून म्हणतच होती, ये बोरिवलीला, एक खोली तुझी. मी बॅग भरली. खरं सांगायचं तर मला जायचंही नव्हतं आणि राहायचंही नव्हतं. कुठेतरी असणंच नको झालं होतं. पण बॅग भरायला हाताला काम मिळालं.

भावजी रविवारी टेम्पो घेऊन येणार होते. शनिवारी सकाळपासून मी मेंढ्यांच्या मागे लागले. उद्या सासरच्या गावात जाणार, चार माणसं बघणार, वहिनीने कशी ठेवली म्हणणार. एकेकीला धुतलं, गोचिडी काढल्या, खुरं कापली. म्हाताऱ्याला धरून ठेवायला दोरीने खुंट्याला आवळला. धुऊन झाला, पुसून झाला, आणि तो झुबका काही बरा दिसेना. चिखलाने, लेंड्यांनी चिकटून गोळा झालेला. अर्धवट काम मला आधीच सहन होत नाही. घरातली कात्री आणली आणि तीन-चार कचक्यांत तो काढून टाकला. उकिरड्यावर फेकला. त्या दिवसांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

रविवारी भावजी आले. चहा घेतला, दादाच्या फोटोला हात जोडले आणि कामाला लागले. मेंढ्या त्यांच्या मागे मुकाट टेम्पोत चढल्या. भावजींचा आवाज नवऱ्यासारखाच होता, टकटक. मी तोंड फिरवून उभी राहिले. शेवटी म्हातारा उरला. भावजींनी त्याच्या मानेत हात घातला, पाठीवरून फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला.

"वैनी, ह्यो कुणी कातरला?"

"मी. का?"

ते मेंढ्याला धरून तिथेच खाली बसले. मला वाटलं जनावराला काही लागलं.

"आवं, ह्यो देवाचा हाय," ते म्हणाले. "दादानं आपल्या नावानं खंडोबाला सोडला व्हता. तुमच्या आपरेशनच्या येळंला. आमच्यात देवाला सोडलेल्या जनावराच्या पाठीवर झुबका राखत्यात. त्यो कातरीत न्हाईत, इकीत न्हाईत, कापीत न्हाईत. तुमाला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याची सोय मीच ठेवली नव्हती. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आईने जे नवस बोलले, त्यांची गणती नाही. अनवाणी चालली, मीठ सोडलं, गावच्या देवळात लोटांगणं घातली. वडील शेवटपर्यंत दारात बसून राहिले. तेव्हापासून नवस म्हटलं की माझं डोकं फिरायचं. तीन वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन ठरलं, आणि इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी मी नवऱ्याला बजावलं होतं, "माझ्यासाठी नवसबिवस बोललास तर याद राख." तो म्हणाला होता, "बरं." त्याचं कायमचंच हे. तोंडावर बरं म्हणायचं आणि करायचं तेच करायचं.

गाठ साधी निघाली. मी डॉक्टरांचे आभार मानले. आणि तीन वर्षं माझ्या जिवाच्या बदल्यात राखलेल्या त्या जनावराला फुकटखाऊ म्हणत राहिले, आणि तो ऐकून हसत राहिला.

मी आधी चिडले. उकिरड्याकडे बघून नवऱ्याला मोठ्याने शिव्या घातल्या, मालवणीत, ज्या त्याला कधी नीट कळायच्या नाहीत. मग दारात बसून रडले. भावजी बिचारे मेंढ्याची शिंगं धरून दुसरीकडे बघत बसले. रडता रडता मला जे आठवलं ते नवसापेक्षा वाईट होतं. जाण्याआधी तो इस्पितळात होता ते तीन दिवस मी कोणाकडेच काही मागितलं नव्हतं. देवाकडे नाही, डॉक्टरांकडेसुद्धा नाही. ताठ बसून राहिले होते. मागितल्याने काही होत नाही हे मला ठाऊक होतं ना. त्यालाही ते ठाऊक असेल, तरी त्याने मागितलं.

थोड्या वेळाने भावजी म्हणाले, "वैनी, चुकून झालं, देवाला कळतंय. पर झुबका कातरला म्हंजी ह्यो आता मोकळा झाला. असाच न्हेला तर घरात म्हातारी मानसं काय बी बोलत्याल. पुन्यांदा कुनाच्या तरी नावानं सोडाया पायजे. माज्या नातवाच्या नावानं सोडू का? मग घिऊन जातो."

"आणि नाहीतर?"

"न्हाईतर तुमच्या नावानं. पर ज्याच्या नावानं सोडला त्यो हाय तवर त्याच्या दारातनं हलवायचा नसतो. मग ह्याला हितंच ठिवाया लागंल. आन् तुमी तर बोरिवलीला निघालाय."

बॅग दारातच होती. बहिणीला मी पाचपर्यंत पोचते असं सांगितलं होतं. तिने माझ्यासाठी पडदेसुद्धा नवीन लावले होते. आणि देवावर माझा त्या क्षणी विश्वास बसला असं काही झालं नाही, अजूनही बसलेला नाही. पण माझ्यासाठी काही मागेल असं माणूस आता उरलं नव्हतं. ते काम करायचं तर मलाच करायला हवं होतं, आणि त्यासाठी मला आधी जगायची इच्छा आहे असं म्हणावं लागलं असतं. सहा महिन्यांत मी तसं एकदाही म्हटलं नव्हतं.

"माझ्या नावाने सोडा," मी म्हणाले.

"नाव मोठ्यानं घ्यावं लागतंय, वैनी. तुमचं तुमीच."

मी माझं नाव घेतलं. संपूर्ण, माझं आणि त्याचं मिळून. पुन्हा एकदा घेतलं, आणखी मोठ्याने. भावजींनी खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली आणि झुबक्याच्या जागी चिमूटभर हळद लावली. मेंढ्याने अंग झटकलं, अर्धी हळद माझ्या साडीवर उडाली. मग भावजी उठले आणि टेम्पोचा मागचा फाळका पाडायला गेले. मी विचारलं, आता हे कशाला.

"एकटं मेंढरू जगत न्हाई, वैनी," ते म्हणाले. "आठ दिसांत खायाचं सोडतंय. संगतीला किती ठिवू?"

ते मेंढ्याचंच बोलत होते. मी हात वर करून तीन बोटं दाखवली.